बारशाला आलेली आत्या

कांचनने बारशाचं तिकीट जूनमध्येच काढून ठेवलं होतं. ते रिफंडेबल नाहीये, असं तिने भावाला फोनवर सांगितलं. मग यतीन म्हणाला, "ये मग." म्हणून ती मिनेसोटातल्या ईडन प्रेरीहून भावाच्या गावी, श्रूजबरीला आली. एका हातात डिंकाच्या लाडवांचा डबा, आणि बॅगेच्या तळाशी, कपड्यांच्या घडीत दडवलेली, तिने स्वतः शिवलेली जरीकाठी कुंची. ती बाहेर काढायची नाही, हे तिने विमानातच ठरवलं होतं. पण टूथब्रश शोधताना ती वर आली, आणि नेमकी तेव्हाच यतीनची बायको, स्वानंदी, दारात उभी होती.

"छान शिवलीस गं," स्वानंदी म्हणाली. "अस्तर मऊ आहे."

कांचनने कुंची घाईघाईने परत घडीत सारली. एरवी तिच्या तोंडाला खळ नसे.

बाळ पूर्ण दिवसांचं होतं. मुलगी. सगळं जिथल्या तिथे, नखंसुद्धा वाढलेली. फक्त रडली नाही. दवाखान्यातल्या नर्सने हळूच विचारलं होतं, बाळाचं नाव काय लिहू, आणि यतीनच्या तोंडून सवयीने गेलं, "ते बारशाला." नर्सला कळलं नाही म्हणून मग म्हणाला, "नॉट येट." तिने मान हलवली आणि 'बेबी गर्ल गद्रे' असं लिहिलं. स्वानंदी खिडकीकडे तोंड करून पडली होती. तिने ऐकलं होतं. नाव तिच्या मनात पाचव्या महिन्यापासून पक्कं होतं, पण बारशाआधी कुणाला सांगायचं नसतं, म्हणून यतीनलाही सांगितलं नव्हतं. त्यालाही ती गंमत आवडायची. "मला डायरेक्ट कांचनच्या तोंडून ऐकू दे," म्हणायचा.

बोलायला हवं होतं, तेव्हा ती बोलली नाही. आणि पुढे कुणी विचारलंच नाही.

सासूबाई नागपूरहून रोज फोन करत. मायेनेच करत. "आता नाव कशाला काढायचं, बाळा? नाव दिलं की जीव अडकतो," म्हणत. आणि जिथे पुरलं तिथे ओल्या बाळंतिणीने पाऊल टाकायचं नाही, हे तर त्यांनी यतीनकडून वदवूनच घेतलं होतं. तो एकटाच जाऊन आला होता. फ्यूनरल होमच्या माणसाबरोबर, ऑफिसचंच जॅकेट घालून. जागा कुठे, एवढंच स्वानंदीने त्याच्याकडून पुन्हा पुन्हा ऐकून घेतलं होतं. चर्चच्या मागच्या दगडी भिंतीजवळ. मेपलखाली.

शनिवारी सकाळी यतीन भांडी घासत होता. घासलेलीच भांडी तो हल्ली परत घासायचा.

"मी वहिनीला जरा चालवून आणते," कांचन म्हणाली.

"कुठे?"

"इथेच, मागच्या वाटेने. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ना?"

त्याने नळ बंद केला नाही. "पायात काय घालणारेस? तिथे चिखल असतो. तुझे ते पार्टीतले बूट इथे चालायचे नाहीत."

"तुझे गमबूट दे मग, काटकुळ्या."

तो हसल्यासारखा झाला. मागे मात्र वळला नाही.

घरांच्या रांगा संपल्या की ती वाट सुरू होई. इंग्लंडातल्या एका जुन्या गावाचं नाव घेऊन वसलेलं हे गाव, आणि मागच्या बाजूला ते अजून तसंच दिसायचं. एकावर एक रचलेल्या दगडांची बुटकी कुंपणं, उतारावरची सफरचंदाची बाग, गवतातून गेलेली पायवाट, मध्ये एक लाकडी फाटक, पलीकडे तळं, आणि मग पांढऱ्या चर्चचा सुळका. गरोदरपणात स्वानंदी रोज इथे यायची. सातव्या महिन्यात त्या फाटकातून जाताना पोट अडकलं होतं, आणि यतीन हसून हसून कुंपणावर बसला होता. आज ती फाटकातून सरळ निघाली. कुठेच काही लागलं नाही. पलीकडे जाऊन ती थांबली, आणि फाटकाची कडी लावायला तिला फार वेळ लागला.

"दमलीस?"

"नाही." मग थोड्या वेळाने, "कांचन, दूध अजून येतं गं. नर्सबाई सांगतात, छातीवर कोबीची पानं ठेव, आटेल. मी ठेवते. तरी येतं."

कांचनने तिचा हात आपल्या कोटाच्या खिशात घातला आणि तिथेच धरून ठेवला. मोठे गमबूट पचक पचक वाजवत ती चालत राहिली.

तळ्यापाशी डॉरथी भेटली. सत्तरी ओलांडलेली, लाल टोपीतली, आणि तिच्यापेक्षाही म्हातारा तिचा कुत्रा. पोटाचा घेर वाढत गेला तसतशी ती रोज स्वानंदीला काहीतरी सांगायची. आलं चघळ, डाव्या कुशीवर झोप. आता लांबूनच तिने दोन्ही हात वर केले.

"झालं वाटतं! मी म्हणतच होते, दिसत कशी नाही ही! मुलगा की मुलगी?"

"मुलगी," स्वानंदी म्हणाली. ते तर खरंच होतं.

"आणि आहे कुठे ती?"

स्वानंदीने चर्चच्या सुळक्याकडे बघितलं. कांचन घाबरली. परक्या बाईला, सकाळच्या पारी, असं अभद्र कसं सांगायचं! ती पटकन मध्ये पडली, "झोपलीये. डॅडीजवळ."

ती बोलून गेली. तिने स्वानंदीकडे बघितलं. स्वानंदी रागावली नव्हती. उलट तिच्या चेहऱ्यावर काहीतरी मऊ झालं होतं, जणू घडीभर ते खरंच होतं. घरी यतीन होता आणि त्याच्याजवळ कुणी झोपलं होतं.

"अगं बाई! नाव काय ठेवलंत?" डॉरथीने विचारलं.

कुत्रा खाली बसला. तळ्यावरून वारा आला.

"अजून नाही ठेवलं," कांचन म्हणाली. "आमच्यात ते आत्या ठेवते. मी आत्या. त्यासाठीच आलेय मी. मिनेसोटाहून."

"मग इथे माझ्याशी गप्पा काय मारत बसलीस?" डॉरथी हसली. "जा, बिचारीला ताटकळत ठेवू नका."

ती कुत्र्याला उठवून निघून गेली. दोघी तिथेच उभ्या राहिल्या.

"सॉरी," कांचन म्हणाली. "सॉरी, वहिनी. मी काय बोलून बसले."

"ती बरोबर बोलली," स्वानंदी म्हणाली, आणि वाटेला लागली. घराकडे नाही. चर्चच्या दिशेने.

"आई म्हणाली होती…"

"माहितीये. तुला यायचं नसलं तर राहा इथे."

कांचन काय राहते!

चर्चमागची दफनभूमी जुनी होती. झिजलेले दगड, काही कललेले, मागे दगडी भिंत. मेपल पेटल्यासारखा लाल झाला होता, आणि खाली पानांचा एवढा थर की माती दिसेना. स्वानंदी गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी पानं सारू लागली. टाके ओढले गेले, तरी थांबली नाही. शेवटी एक छोटीशी पत्र्याची पट्टी लागली. बेबी गर्ल गद्रे. माती अजून थोडी उंच होती. लांबी जेमतेम दोन हात असेल.

"एवढीशीच," ती म्हणाली. "कांचन, एवढीशीच जागा."

कांचन तिच्या शेजारी चिखलात बसली. मग कांचनने गळ्यातला स्कार्फ सोडून डोक्यावर पदरासारखा घेतला आणि कान पुढे केला.

"सांग मला."

स्वानंदीने तिच्या कानाला ओठ लावले. तिने नाव सांगितलं, मग पुन्हा सांगितलं. "इला. सोपं आहे ना? इथल्या शाळेत कुणी मोडतोड करणार नाही, म्हणून."

कांचन वाकली. पार वाकली, गाल मातीला लागेपर्यंत, दोन्ही हातांचा आडोसा तोंडाभोवती करून, जसं पाळण्यात वाकतात तसं.

"कुर्रर्रर्र…"

तिने घसा खाकरून पुन्हा सुरुवात केली. "कुर्रर्रर्र… इला. इला यतीन गद्रे. मी तुझी आत्या."

आणि ती तशीच वाकून राहिली. उठेना. स्वानंदीला क्षणभर कळलं नाही, ही कशाची वाट बघतेय. मग कळलं. नाव ठेवलं की आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. घरभर बायका असतात, हसत असतात, कोण जोरात घालतं याची चढाओढ असते. इथे कुणी नव्हतं. ती एकटीच होती.

तिने हात उचलला आणि कांचनच्या पाठीवर ठेवल्यासारखा मारला.

"जोरात," कांचन मातीतच म्हणाली. "असं कुठे असतं होय? जोरात घाल."

तिने जोरात घातला. मग अजून एक. मग दोन्ही हातांनी, मुठींनी, लाल पानं उडेपर्यंत, आणि दवाखान्यात, घरी, फोनवर, कुणापुढेच न फुटलेला टाहो तिच्या तोंडून फुटला. कांचन खाली हुंदके देत होती, पण पाठ तिने हलवली नाही.

घरी आल्या तेव्हा यतीन सिंकपाशीच होता. त्याने चिखलाने भरलेले गुडघे बघितले, बहिणीच्या गालाला लागलेली माती बघितली. नळ बंद केला.

"ठेवलं?" त्याने विचारलं.

कांचनने मान डोलावली.

तो स्वानंदीसमोर येऊन उभा राहिला, ओले हात तसेच लोंबत. "मला सांग ना," तो म्हणाला. "मला कुणीच नाही सांगितलं."