भस्माची धार

सन चोपन्नच्या हिवाळ्यात वडशाच्या आठवडी बाजारात माणसं एकमेकांच्या खांद्यांवरून वाकून पाहत होती. मधोमध एक जटाधारी महाराज बसले होते आणि त्यांच्या हातात डोमा न्हाव्याचा वस्तरा होता.

"पहा भाऊ, यानं मऊ लौकीसुद्धा कटत नाई!" महाराज म्हणाले.

डोमाने मान हलवली. वस्तरा बापाचा. दगडावर घासून हात भरून येत, पण धार काही येत नसे.

महाराजांनी चामड्याच्या पट्ट्यावर चिमूटभर काळसर भस्म भुरभुरलं. मंत्र पुटपुटत वस्तरा एकशे आठ वेळा पट्ट्यावर फिरवला. मग जटेतला केस उपटून पात्याला नुसता टेकवला. केसाचे दोन तुकडे झाले.

"लोहा सुधारते, तं रोग काऊन नाई? ताप, खोकला, डोळ्यातलं फूल, सवतीची नजर, सब साफ!"

"जय हो महाराज!" सगळ्यांत आधी ओरडला तो डोमाच. न्हाव्यालाच पटलं म्हटल्यावर लोक भस्माच्या पुड्यांवर तुटून पडले.

डोमाच्या बायकोच्या, अन्नपूर्णाच्या, उजव्या डोळ्यात फूल पडलं होतं, बुबुळावर पांढरा डाग. महाराजांनी बजावलं, "दोन्ही डोळ्यात टाक. नाई तं रोग इकडून तिकडे पळते."

पहिल्याच चिमटीला अन्नपूर्णा किंचाळली. "काढा हो! काच टोचून राह्यली!"

"रोग कटून राह्यला," डोमा म्हणाला आणि त्याने तिचे हात धरून ठेवले. तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ.

चौथ्या दिवशी डोळ्यांतून पू वाहू लागला, तेव्हा त्याने तिला बैलगाडीत घालून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी डोळे धुतले, पुडी उघडून भिंगाखाली धरली.

"बघा, भाऊ. प्रत्येक कणाला कोपरे आहेत. हा कुरुंदाचा भुगा. लोखंड, काच घासायला वापरतात. घासून घासून तुमचं पातं धारदार झालं. तसंच यांचं बुबुळ घासलं गेलं, चरे पडले, ते चिघळले."

"चांगला डोळा तं वाचन ना, साहेब?"

डॉक्टरांनी भिंग खाली ठेवलं. "नाही."

डोमाने पुडीतला भुगा अंगठ्यावर घेऊन चोळला. कचकच लागली. वीस वर्षं दगड आणि पाती हाताळणारा तो अंगठा. बाजारात त्याने एकदा तरी चोळून पाहायला हवं होतं.

पुढच्या बाजाराला महाराज पुन्हा बसले होते. डोमा दोन बोथट वस्तरे आणि दोन कोरे पट्टे घेऊन गर्दीत घुसला. एका पट्ट्यावर त्याने तांदळाचं पीठ टाकलं आणि महाराजांचाच मंत्र मोठ्याने म्हणत एकशे आठ वेळा वस्तरा फिरवला. केस वाकला, तुटला नाही.

दुसऱ्या पट्ट्यावर पुडीतलं भस्म टाकलं. तोंडातून शब्द न काढता तो घासत राहिला. केस तुटून पडला.

"मंतर सोडला तरी चालते," डोमा म्हणाला, "घासणं सोडलं तं नाई. हा दगडाचा भुगा हाय. यानं माह्या अन्नपूर्णाचे डोळे गेले."

"मूरख! तुह्या बायकोचं पाप..."

"मंग चिमूटभर तुमच्या डोळ्यात टाका, महाराज. तुमाले पाप नाई ना?"

डोमाने पुडी पुढे केली. महाराज मागे सरले, झोळी सावरू लागले. गर्दीतल्या, तान्ही लेक कडेवर घेतलेल्या इंदिराबाईने पदराची गाठ सोडली आणि पुडी मातीत झटकली. "आज हिच्या डोळ्यात टाकणार होती मी," एवढंच बोलून तिने लेकीचा चेहरा पदराने झाकला.

डोमा घरी आला तेव्हा अन्नपूर्णा अंगणात बसली होती. पाऊल वाजलं तशी तिने मान वळवली, पण चुकीच्या बाजूला.

"ऐकलं का लोकाइनं?"

"काहीनं. काही अजूनबी त्याच्या पाया पडून राह्यले."

तिने विचारलं, "तुमी न्हावी असून तुमाले कसं नाई कळलं जी?"

डोमा तिथेच जमिनीवर बसून हुंदके देऊ लागला. तिचा हात चाचपडत त्याच्या डोक्यावर आला.

"उद्या घरोघरी जाऊ," ती म्हणाली. "मले संगं न्या. तुमचं नाई ऐकत, तं माह्ये डोळे पाहतीन."

दुसऱ्या दिवशी ती त्याचा खांदा धरून गावभर फिरली. प्रत्येक दारात डोमा तेच सांगत होता, "चमत्कार दिसला तं कशानं झाला ते इचारा. हातात घेऊन पाहा, डॉक्टरले दाखवा. मी नाई इचारलं. मी हिचे हात धरून ठेवले."