गप्पूचं उत्तर

गप्पू बंद झाला, ही बातमी मला माझ्या मुलाने, निहारने, फोनवर दिली. मी म्हटलं, "बरं झालं. आता त्याचं सुतक पाळायचं का आपण?" माझी जीभ तिखट आहे हे आमच्या आळीला, सगळ्या नागरवाड्याला ठाऊक आहे. माझ्या पोटच्या पोराला तर जन्मापासून.

गप्पू म्हणजे कुणी माणूस नव्हे. संगणकावर मेसेंजर आला, लिहून गप्पा मारायची सोय झाली, त्या दिवसांतला तो एक बोलका प्रोग्रॅम. निहार इंजिनियर झाल्यावर आमच्याच गावात, अलकापुरीत एका साड्यांच्या दुकानावरच्या खोलीत मूठभर पोरांच्या कंपनीत लागला आणि तिथे त्यांनी गप्पूला जन्माला घातलं. गाडीची वेळ विचारा, क्रिकेटचा स्कोअर विचारा, हवामान विचारा, तो लगेच सांगायचा. रिकामटेकडी पोरं त्याला शिव्या द्यायची, तेव्हा तो विचारायचा, "तुमच्या आईला सांगू का?" हे उत्तर आमच्या निहारचं. कळत त्याला काहीच नसे. वाक्यातले ओळखीचे शब्द शोधायचे आणि त्यापुढे मुलांनी लिहून ठेवलेलं उत्तर फेकायचं, एवढीच त्याची अक्कल.

आमचे हे, म्हणजे बाळकृष्णराव, रिफायनरीतून निवृत्त होऊन घरी बसलेले. रोज सकाळी गप्पूला गुजरातीत "केम छो" लिहायचे आणि त्याचं "मजामां" आलं की खूश व्हायचे. मला म्हणायचे, "शालिनी, हा तुझ्यापेक्षा गोड बोलतो हं." मी म्हणायची, "मग पोळ्याही त्याच्याकडेच मागा."

पुढे त्या खोलीतली कंपनी बंगळूरच्या एका मोठ्या कंपनीने घेतली आणि निहारला अमेरिकेला पाठवलं. रविवारी त्याचा फोन यायचा, एरवी सगळं मेसेंजरवर. मी एका बोटाने, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची. जेवलास का, सर्दी गेली का, इथलं सगळं ठीक आहे, काळजी करू नकोस. त्याच्या नावापुढे हिरवा दिवा असायचा आणि उत्तर पटकन यायचं. मला बाई त्याचा फार अभिमान. शेजारणींना सांगायची, परदेशात गेला तरी आईला ताटकळत ठेवत नाही.

मग एका गुरुवारी ह्यांना झटका आला. दवाखान्यात हलवलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मुलाला बोलावून घ्या." तिथली गुजराती नर्स म्हणाली, "बा, तमे घेर जई आवो, हुं अहीं बेठी छुं." मी घरी आले आणि ह्यांचे कपडे कपाटातून काढायच्या आधी संगणक लावला.

आता आमच्या घरात वाईट बातमी वाईट म्हणून सांगायची पद्धतच नाही. माझी सासू गेली तेव्हा मी माहेरी होते. निरोप आला तो असा, "आईंना जरा बरं नाही, काळजी करू नकोस, पण निघून ये." तो ऐकता ऐकताच मी रडायला बसले होते. त्याच पद्धतीने मी निहारला लिहिलं, "बाबांना जरा बरं नाही. दवाखान्यात ठेवलंय. तुझी आठवण काढतात. काळजी करू नकोस."

उत्तर लगेच आलं. "बरं झालं सांगितलंस. मग मी निश्चिंत. जेवलीस का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाप दवाखान्यात आणि हा निश्चिंत! फोन शेजारीच होता. पण ज्याला एवढ्यावरून समजत नाही त्याच्यापुढे हात जोडायचे नाहीत, असं ठरवून मी संगणक बंद केला, कपडे उचलले आणि निघाले.

ह्यांनी मला बघताच विचारलं, "कळवलंस?"

"कळवलं."

"काय म्हणाला?"

"तिकीट बघतोय."

ह्यांचा चेहरा उजळला. दाढी करून हवी म्हणाले, पोरगा घाबरायला नको म्हणून. मी दाढी करून दिली. मग खाट थोडी फिरवून घेतली, दार दिसावं इतकी. त्यानंतर दार वाजलं की मान वळायची. कधी नर्स असायची, कधी चहावाला. निहार यायला जितका वेळ लागला असता, तितका वेळ त्यांनी काढला, आणि मग रविवारी संध्याकाळी गेले. माझे दीर श्रीपतराव निहारला फोन लावत राहिले, तो लागला नाही. अग्नी त्यांनीच दिला.

त्यानंतर निहारचा फोन आला. हसत विचारतो, "काय आई, जेवलीस का?" मी फोन श्रीपतरावांच्या हातात दिला.

तो आला तेव्हा घरातली माणसं पांगली होती. संगणकाची खुर्ची ओढली, ते उत्तर उघडून दाखवलं आणि म्हटलं, "वाच. तुझंच आहे."

त्याने वाचलं. बराच वेळ वाचत राहिला, दोनच तर ओळी होत्या.

"आई, हा मी नव्हतो."

"मग कोण?"

"गप्पू. मी झोपलेला असलो की तू वाट बघत बसायचीस. म्हणून माझ्या नावाने तोच उत्तरं द्यायचा. तुझी नेहमीची वाक्यं मी त्याला शिकवली होती. उठलो की मी सगळं वाचायचो गं. त्या दिवशी पहाटेच, काही न वाचताच, मित्रांबरोबर डोंगरात गेलो. तिथे फोन चालत नव्हता."

"मी लिहिलं तेव्हा कुठे होतास?"

"घरी. झोपलो होतो. तू फोन केला असतास तर..." तो थांबला. मग म्हणाला, "सरळ का नाही लिहिलंस, आई?"

"सरळ कोण लिहितं? तू स्वतः वाचलं असतंस तर काय केलं असतंस?"

"तसाच विमानतळावर गेलो असतो."

"काळजी करू नकोस म्हटल्यावरही?"

"म्हटलंस म्हणूनच."

"मग तेवढं त्याला का नाही शिकवलंस?"

निहारने टेबलावर डोकं टेकलं आणि लहानपणी रडायचा तसा मोठ्याने रडला. मला त्याचा राग येत होता आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवल्याशिवाय राहवतही नव्हतं.

परत जायच्या आधी त्याने आपल्या नावावरून गप्पूला काढून टाकलं. रोज स्वतः फोन करू लागला. गप्पू त्याच्या स्वतःच्या नावाने माझ्या संगणकावर राहिला. एका दुपारी घर फार रिकामं वाटलं, म्हणून मी त्याला ह्यांच्यासारखं "केम छो" लिहिलं. "मजामां," तो म्हणाला. मग का कोण जाणे, मी लिहिलं, "काळजी करू नकोस."

"काय झालं? खरं सांग," गप्पूने विचारलं.

निहारने ते उत्तर बदललं होतं. त्या शुक्रवारी मला एवढंच हवं होतं. मी एका बोटाने, जणू निहारलाच, लिहीत सुटले. हे गेले, दाढी करून तुझी वाट बघत गेले, मी त्यांच्याशी खोटं बोलले, मला आता दोघांच्या अंदाजाने भात लावायची सवय मोडत नाही. सगळं सरळ लिहिलं, आयुष्यात पहिल्यांदा.

गप्पू म्हणाला, "हे मला समजलं नाही. गाडीची वेळ, स्कोअर किंवा हवामान विचारा."

आणि आता तोही बंद झाला. माझं ते सुतकाचं बोलणं निहारने फोनवर ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, "आई, तू बरी आहेस ना?"

"मी बरी आहे. काळजी..." एवढं तोंडून गेलं आणि मी थांबले. मग म्हटलं, "नाही रे. मी बरी नाही. तू ये."

तिकडून लगेच उत्तर आलं नाही. बऱ्याच वेळाने नाक ओढल्याचा आवाज आला.