माझ्या पोटातलं दही

मित्रांनो, श्यामकांताला जनाची नाही तर मनाची तरी लाज हवी होती. माझ्या पोटात दही लावलं त्यानं!

मी एक जुनी तांब्याची पेटी आहे. घाटकोपरला, जंतू तपासतात त्या प्रयोगशाळेत असते. शिकलेले मला इन्क्युबेटर म्हणतात. मला अक्षर येत नाही, पण ऊब किती ठेवायची हे कुणी शिकवायला नको. माझ्या दुहेरी भिंतींत पाणी, आणि पाण्याला माणसाच्या अंगाइतकी ऊब. आधी खाली रॉकेलचा दिवा जळायचा, बावन्न सालापासून वीज आली. हगवणीच्या रोग्याचा नमुना काचेच्या ताटलीतल्या, जंतूंना पोसणाऱ्या घट्ट खळीवर ओढतात आणि संध्याकाळी माझ्या स्वाधीन करतात. सकाळी ठिपके उगवतात. गुलाबी ते बहुतेक पोटातले नेहमीचे. बिनरंगी दिसले की रोगाच्या जंतूंचा संशय, आणि डॉक्टर उत्तराबाईंचा चेहरा उतरतो.

पौषात शेवंती नावाच्या मुलीची ताटली आली. पोरीला रक्ताची हगवण. श्यामकांत इथला तंत्रज्ञ, हात चलाख, अक्कल गहाण. त्यानं ताटली ठेवली, आणि हात न धुता त्याच ओल्या बोटांनी खालच्या फळीवर दुधाचा गडू सरकवला. मी ओरडणार कशी? सकाळी सगळ्यांआधी येऊन गडू घरी पोचवूनही आला.

उत्तराबाईंनी दार उघडलं. ताटलीभर बिनरंगी ठिपके. खाली फळीवर दुधाचं वर्तुळ.

"श्यामकांत, हे काय?"

"बाई, थंडीत घरी दही लागत नाही हो..."

"कुठंय ते दही?"

"घरी." तो दाराकडे वळला. "शुभाला दहीभात..."

तो चपला न घालताच पळाला. परतला तेव्हा गडू अर्धा होता. चार वर्षांच्या लेकीनं वाटीभर खाल्लं होतं.

मग लागोपाठ तीन दिवस शुभाची ताटली माझ्याकडे आली. मित्रांनो, एवढी भीती मला कधी वाटली नव्हती. त्या पोरीच्या पोटात वैरी शिरला असेल, तर त्याला वाढवणार मीच. ऊब कमी करावी म्हटलं, तर खरं कळणार नाही आणि औषधाला उशीर होईल. म्हणून जीव मुठीत धरून ऊब राखली. श्यामकांत समोर स्टुलावर बसून राही. चहा निवून जाई.

तिसऱ्या सकाळी बाईंनी ताटली उजेडात धरली. फिरवली. पुन्हा फिरवली.

"आजही सगळे गुलाबी. मूल खेळतंय ना?"

"हो, बाई," म्हणत तो रडला, आणि डोकं माझ्या दाराला टेकलं. तेव्हा मात्र, कधी न बोललेली मी, बोललेच:

"श्यामकांता, पोर वाचली ती तिच्या नशिबानं, तू शहाणा म्हणून नव्हे. माझी ऊब आपलं-परकं ओळखत नाही, ते ओळखायला देवानं तुला डोकं दिलंय. आता ऊठ, साबणानं हात धू, आणि मगच माझ्या कडीला हात लाव!"