आधी घर्षण शून्य

माझी बायको विनता गेल्याचा फोन आला त्या दुपारी मी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत होतो. रबरी पिशवीत वाळू भरून तिच्यावर चहूबाजूंनी पाण्याचा दाब चढवला होता. फोन तिच्या कॉलेजातल्या चिंतामणींचा होता. "भाऊ, मॅडम वर्गातच पडल्या. दवाखान्यात नेलं, पण..." मी तसाच निघालो.

चौदा दिवसांनी परत गेलो. कोणी हात लावला नव्हता. वाळू दाबाखाली तशीच उभी होती. मी वरून दाबून नमुना मोडला, चाचणी पुरी केली. मोडलेली वाळू धुताना लक्षात आलं, चाचणीचा आलेख दाखवायला आता घरी विनता नाही.

विनता हीच चाचणी कॉम्प्युटरवर करायची. पडद्यावर नऊ हजार गोल दाणे, भोवती सहा भिंती. भिंती आत सरकवून सगळीकडून सारखा दाब द्यायचा, मग वरची भिंत खाली आणून नमुना मोडेपर्यंत दाबायचा. तिचा आलेख माझ्या वाळूशी जुळतो का, हे पाहायचं होतं. तिची ही शेवटची चाचणी अर्धीच राहिली होती. ती मला चिडवायची, "तुमची वाळू मोडली की फेका. माझे दाणे पहा, मोडले तरी पुन्हा उभे!"

ती चाचणी आपण पुरी करायची, असं मी ठरवलं. अधारतालच्या आमच्या घरी मुलगी हेमलता रोज संध्याकाळी कॉम्प्युटर लावून द्यायची. पाच वेळा केलं, पण दाणे दाटून बसेनात. मधे पोकळ्या राहायच्या.

"बाबा, घर्षण आधीच काहून देऊन राहिले?" हेमलताने आईची वही पुढे केली. "देखो, मम्मीने लिहिलंय."

वहीत होतं: दाणे बसेपर्यंत घर्षण शून्य. बसले की मग द्यायचं.

तीस वर्षं मी वाळू हाताळली. वाळू खरखरीतच असते. दुसरं काही माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

शून्य केलं. दाणे एकमेकांत न अडकता सरकू लागले, निळे, पिवळे, अगदी हळू. पाहता पाहता मीही त्या पेटीत होतो. बाजूने विनता आली. खांद्याला खांदा लागला, पण खरचटलं नाही. "सरका थोडं," ती म्हणाली. मी सरकलो. ती जवळ बसली. चहूबाजूंनी सारखा दाब होता आणि कुठेच दुखत नव्हतं.

"बाबा, बसले सगळे. घर्षण पण दिलं," हेमलता म्हणाली. "अब ऊपर से दबाऊं?"

"थांब," मी म्हणालो.

त्याला आठ दिवस झाले. नमुना मोडला तरी पुन्हा उभा करता येतो, हे मला माहीत आहे. वरची भिंत खाली आणायची राहिली आहे.