खिळ्यावरची माळ

"मामा, आधी तिचं रक्त तपासू द्या. मग एक न्हाई, दोन माळा घाला," प्रतिभा दारातच उभी राहून म्हणाली.

इमाममामांनी मान वर केली नाही. ओल्या फडक्यातून घेटुळीच्या रानवेलीच्या देठाचा एक तुकडा उचलला, त्याला दोऱ्याचा फास टाकला आणि दुसरा तुकडा घेतला. माळ करताना बोलायचं नाही, हा त्यांच्या आईचा नेम होता. काविळीची माळ तिनंच त्यांना शिकवली होती. माळ करायची रविवारी आणि बुधवारी, उन्हं यायच्या आत. पैसा घ्यायचा नाही. आणि केलेली माळ घरात ठेवायची नाही, लगेच माणसाच्या डोक्यावर चढवायची.

डोक्यावर ती टोपीएवढी बसायची. मग रोज थोडी थोडी वाढायची. गळ्यात यायची, पोटावर यायची, शेवटी पायातून काढून भीमेत सोडायची. माळ खाली उतरली म्हणजे कावीळ उतरली. केडगावपासून दौंडपर्यंत आणि नदीपलीकडे शिरूर तालुक्यातही लोकांना हे ठाऊक होतं. मामांचा धंदा गाद्या भरण्याचा. पण गादीवाला म्हणून त्यांना कुणी विचारत नसे. माळवाले मामा म्हणूनच विचारत.

त्या चैत्रात अंगण पुरत नव्हतं. ट्रॉलीच्या चाकाखाली नळाचा पाईप फुटला होता, तोही गटाराशेजारीच. अर्ध्या आळीचे डोळे पिवळे झाले होते. आणि आता मामांची सून सुमैया. तिला सातवा महिना होता.

माळ पुरी झाली. मामांनी ती सुमैयाच्या डोक्यावर ठेवली, वर ओढणी सारखी केली, तेव्हा कुठे ते बोलले.

"बोल बाई. काय म्हंतीस?"

"तालुक्याच्या दवाखान्यात न्या म्हंते. आजच."

ओट्यावर हौसराव बसला होता. त्याची माळ गळ्यापर्यंत आली होती. तो हसला. "ए आशाताई, सकाळच्या पारी भ्या दाखवू नगं. मला बघ. आठवड्यामागं भाकरी बघितली तरी वकारी यायची. काल पाव्हण्याकडं मटणावर बसलो हुतो."

"मटण? आन् डॉक्टरनी काय सांगितलं हुतं?"

"डॉक्टर काय मटण देतो का मला?"

अंगण हसलं. प्रतिभा हसली नाही. गावात घरोघर फिरणारी ती आशा सेविका. क्लोरीनच्या बाटल्या वाटायची, आणि त्या वासाचं पाणी नको म्हणून लोक बाटल्या कोनाड्यात ठेवून द्यायचे.

"हौसरावदादा, तुमची कावीळ माळ नसती तरी गेली असती," ती म्हणाली. "कावीळ एक नसती. रक्तातनं येती ती निराळी. ती वर्षानुवर्षं अंगात दडून बसती, पर तिला लस हाय. ही घाण पाण्यातनं आलेली. चांगल्या माणसाची तीन-चार आठवड्यांत जाती. पर पोटुशी बाईची जाईलच असं न्हाई. ती एकदम लिव्हरच धरती. मामा, मी ट्रेनिंगला ऐकलंय, म्हणून सांगते."

मामांना तिचा राग आला नाही. पोर कळवळ्यानं बोलत होती. पण इतकी वर्षं लोक त्यांच्या अंगणात पिवळे येत होते आणि बरे होऊन जात होते, हे काय खोटं होतं?

"उन्हाळ्याची कावीळ हलकी असती, बाई," ते म्हणाले. "पावसाळ्याची जड. माझी आई सांगायची. उन्हाळ्यात माळ कशी भराभर उतरती. बुधवारपातूर बघू. न्हाई उतरली तर नेऊ."

खातून, मामांची बायको, आतून म्हणाली, "आज जाके आते तो क्या बिगडता जी?"

"लोगां क्या बोलेंगे? दुनिया को माळ देता, अपनी बहू को दवाखाने ले गया?"

खातून पुन्हा चुलीकडे वळली. प्रतिभा गेली.

माळ उतरली. सोमवारी सकाळी ती गळ्यात आली, मंगळवारी छातीवर. एवढ्या झपाट्यानं उतरलेली माळ मामांनी क्वचितच पाहिली होती. ते गादीत कापूस भरताना दोनदा उठून आत आले, माळ पाहून गेले.

"उतर रही बेटा," ते म्हणाले.

"जी अब्बा," सुमैया म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिला अन्न बघवत नव्हतं. मामांनी उसाचा रस आणवला, तोही पोटात टिकला नाही.

दुपारी ती उठली. दोरीवरचे वाळलेले कपडे तिनं काढले, एकेकाची नीट घडी केली आणि पाण्याच्या माठात ठेवू लागली. खातून धावली.

"बहू, ये क्या करती?"

सुमैयानं तिच्याकडे पाहिलं. "तुम कौन?" असं अगदी अदबीनं विचारलं.

खातून रडतच बाहेर आली. मामा आत गेले. त्यांनी आधी माळ पाहिली. माळ पोटाशी आली होती. त्यांनी सुनेच्या तोंडाकडे मग पाहिलं.

"गर्मी से हुआ," ते म्हणाले.

बुधवारी पहाटे त्यांनी घेटुळी तोडून आणली आणि सुमैयासाठी नवी माळ केली. दोन माळा त्यांनी कधी कुणाला दिल्या नव्हत्या. माळ घेऊन ते उठले, तोच त्यांचा मुलगा अफताब आला. तो शिक्रापूरला कंपनीत होता, तिथंच खोलीवर राहायचा. आईचा फोन गेल्यावर रात्रपाळी करून तसाच निघाला होता. बायकोला त्यानं हाक मारली. तिनं डोळे उघडले नाहीत.

"अब्बा, हटो," एवढंच तो म्हणाला. तिला उचलून तो बाहेर जीप बघायला धावला. मामांच्या हातात माळ तशीच राहिली. कुठं ठेवावी ते कळेना. खाटेच्या वर, उशीपासून दीड हातावर, सुमैयाची ओढणी टांगायचा खिळा होता. त्याला त्यांनी ती अडकवली आणि जीपमागे पळाले.

तालुक्याच्या दवाखान्यातून पुण्याला. बाळ आधी गेलं. मग ती. अंगावरची माळ नर्सनं डोक्यावरून काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. मामा बघत होते. डोक्यावरून माळ काढलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"आधी आणलं असतं तर?" अफताबनं विचारलं.

डॉक्टर पोरसवदा होता. दमलेला दिसत होता. "वाचलीच असती असं मी सांगत नाही," तो म्हणाला. "गरोदरपणात या काविळीत असं होतं. पण आम्हाला काहीतरी करता आलं असतं."

दफन झालं. पाहुणे आले, गेले. अफताब बापाशी एक शब्द न बोलता शिक्रापूरला परतला.

त्यानंतर एका दुपारी मामा त्या खोलीत गेले. खाट तशीच होती. उशीला सुमैयाच्या केसांच्या तेलाचा डाग होता. त्या डागावर माळ टेकली होती.

मामा उभेच राहिले. टोपीएवढी केलेली माळ. कुणाच्या अंगाला न लागलेली. खिळ्यावर लटकून ती दीड हात खाली आली होती.

त्यांनी एक देठ चिमटीत धरला. वाळून काडी झाला होता. फास सैल होऊन दोरा मोकळा झाला होता, तेवढीच माळ वाढली होती. उन्हाळ्यात देठ लवकर वाळतात, पावसात उशिरा. एवढंच होतं. ओला कापूस उन्हात टाकला की कसा सुटा होतो, हे तर ते जन्मभर बघत आले होते.

रविवार आला. दिवस उगवायच्या आत जीप येऊन थांबली. न्हावऱ्याहून सरूबाई आली होती, तिची सून अनिता बरोबर. पोरीचे डोळे हळदीसारखे पिवळे. पदराखाली पोट दिसत होतं.

"मामा, लई नाव ऐकून आलोय," सरूबाई म्हणाली. "तेवढी माळ घाला."

मामा तिला आत घेऊन गेले. खिळ्याकडे बोट केलं.

"ही माळ कुणाच्या अंगावर हाय?"

"कुणाच्याच न्हाई की."

"केली तवा एवढी हुती." त्यांनी आपल्या डोक्याभोवती हात फिरवला. "आता बघा. खिळ्याला काय कावीळ झाली हुती?"

सरूबाईला काही उमजेना. "मग तुमच्या माळेनं आमच्या शेजारणीचा पोरगा कसा बरा झाला?"

"तो आपला आपुन बरा झाला. माझी सून न्हाई झाली. ही तिची खाट."

सरूबाई खाटेपासून दोन पावलं मागे सरली. मग चिडूनच म्हणाली, "वाटंत लोक म्हनत हुते, मामाच्या हातचा गुण गेला. खरंच गेला का?"

"व्हय. गेला."

"अवो पर एवढ्या लांबनं आलोय. मनाला आधार म्हणून तरी..."

"सुनेलाबी आधार म्हणूनच घातली हुती, बाई."

खातूननं पाणी उकळून निववलं होतं. ते तिनं बाटलीत भरून अनिताच्या हाती दिलं. "एवढंच पी. वाटंत बर्फाचा रस-बिस घेऊ नगं, पोरी," ती म्हणाली. सरूबाई पुटपुटत जीपकडे वळली. नदीपलीकडे दुसरा एक माळ देणारा होता. तिनं त्याचं नाव ड्रायव्हरला सांगितलेलं मामांनी ऐकलं.

ते चपला न घालताच गेले आणि ड्रायव्हरशेजारी चढून बसले.

"दवाखान्यात चल," ते म्हणाले. "मी हाय संगं."

जीप गेली. खातून खोलीत आली, झाडू लागली. खाटेजवळ येताच ती थांबली. उशीवर टेकलेली माळ तिनं दोन बोटांनी अलगद वर धरली, खालची उशी झटकली, सारखी केली, आणि पुढच्या येणाऱ्यांना दाखवायला माळ पुन्हा तिच्यावर सोडली.