जमीलाबींची करंगळी

मी बधना बोलतोय. नमाजाआधी हातपाय धुतात, वजू करतात, तो तोटीचा तांब्या. जन्मताना किती ठोके खाल्ले ते विचारूच नका! रोहिणखेडच्या फकीर मोहम्मद पिंजाऱ्यांनी मला मोताळ्याच्या बाजारातून आणलं आणि तिसऱ्याच दिवशी आपटून पोचा पाडला. माणूस धांदरट, पण दिलदार.

पुढे त्यांना साखरेचा आजार झाला. बुलढाण्याच्या वामनराव डॉक्टरांनी तळपायाला टाचणी टोचली, तरी हे आपले गप्पाच मारतायत. डॉक्टरांनी जमीलाबींना, फकीरभाईंच्या बायकोला, जवळ बोलावलं.

"यांच्या पायाला आता दुखणं कळत नाही. तुम्ही पाच वेळा पाय धुता ना? मग पाच वेळा पाहा. तळवा, बोटांच्या बेचक्या. कोरडं पुसा. फोड दिसला तरी इकडे या. आणि घरात सगळ्यांना सांगा."

त्या दिवसापासून मी पाणी ओतायचो आणि जमीलाबी नवऱ्याच्या पायाच्या बोटांतून करंगळी फिरवायच्या. वजूत तशी रीतच आहे. पण त्यांच्या करंगळीला जणू डोळे फुटले. एकदा कुसळ सापडलं, एकदा भेग. दोन वर्षं पाय शाबूत राहिले. फकीरभाई चिडवायचे, "लग्नात माहं तोंड जेवढं नाही पाह्यलं, तेवढे पाय पाहून राह्यली!"

मुलाला मात्र सांगायचं नाही, हा त्यांचा हट्ट. "वाहेदले कायले घोर लावतं? तू हाय ना पाहाले." जमीलाबींनी ऐकलं. तिथंच चुकलं.

हिवाळ्यात बऱ्हाणपूरला भाचीचं लग्न निघालं. घरी लेक बाळंतीण, म्हणून जमीलाबी मागे राहिल्या. वाहेद बापाला घेऊन निघाला, सोबत मी. गुणी पोर हो! बापाचे पाय गारठू नयेत म्हणून त्यानं चामड्याचे मोजे शिवून घेतले होते. असे मोजे असले की वजूत पाय धुवावे लागत नाहीत, वरून ओला हात फिरवला की झालं. प्रवाशाला तीन दिवस मुभा असते. "अब्बा, पाय बाहेर काढूच नका," तो मायेनं म्हणायचा आणि माझ्या चार थेंबांत काम भागवायचा.

आत शिवणीची कडक गाठ होती. तीन दिवस ती तळवा खात राहिली आणि फकीरभाई लग्नात मजेत हिंडत होते. मी भरलेला होतो, पण पायावर कुणी ओतलं नाही. जीव तळमळला माझा.

घरी येऊन मोजा काढला तर आतून चिकट, ओला. जमीलाबी किंचाळल्या, "या अल्ला! वाहेद, तीन दिवस पाय नाही पाह्यला?"

"काऊन पाहाचा, अम्मा? मले कोणी सांगतलंच नाही ना!"

जमीलाबींनी तो पाय मांडीवर घेतला.

वामनरावांनी शिकस्त केली, नागपूरहून औषध मागवलं. शेवटी डावा पाय घोट्याच्या वर कापला, तरी विष चढलंच. रमजानच्या आधी फकीरभाई गेले.

मय्यतीलाही वजू घालतात. वाहेदनं उजवा पाय धुतला, एकेक बेचकी सावकाश पाहिली. मग मला उचलून डावीकडे आला. तिथं पाय नव्हता. तो मला तसाच तिरका धरून उभा राहिला. पाणी फळीवर पडत राहिलं.

आता मी कोनाड्यात पालथा असतो. तुमच्या घरी असा मुका पाय असेल, तर एकट्या बाईच्या भरवशावर सोडू नका हो. लेकरांनाही सांगा. वाहेदनं पाहिला असता. रोज पाहिला असता.