अर्ध्या स्वराने खाली

मूंटा गावच्या सभागृहातला पियानो मर्ल ट्रेव्हास्किसच्या कानाने लागायचा. सात वर्षांची असताना तिने खाणीच्या भोंग्याचा स्वर अचूक सांगितला होता. पुढे अ‍ॅडलेडच्या वाद्यवृंदात एकवीस वर्षं काढली, पोर्ट पिरीपासून ब्रोकन हिलपर्यंत आगगाडीने हिंडून बड्या गायकांना साथ केली, आणि साठीला गावी परतली ती तोच कान घेऊन. लग्न केलं नाही. "नवरा कुठल्या स्वरात घोरतोय ते मला कळणार, मग झोप कशी यायची?" म्हणायची.

त्या शनिवारी संध्याकाळी सातला तिच्या पन्नास वर्षांच्या साथीचा सत्कार होता. क्लॅरिनेट वाजवायला तिची जुनी शिष्या ग्वेंडा अ‍ॅडलेडहून आली होती. दुपारी दोघी सरावाला बसल्या आणि पहिल्याच ओळीत दोन्ही वाद्यं एकमेकांना चावायला लागली.

"तुझं वाद्य चढलंय," मर्ल म्हणाली. "गाडीत उन्हात ठेवलं होतंस ना?"

स्वर उतरावा म्हणून ग्वेंडाने सांधे ओढून वाद्य लांबवलं. मग आणखी थोडं. जुळेना. "बाई, आता ओढलं तर हातात तुकडे येतील," ती हळूच म्हणाली. "पियानोच उतरलाय. चांगला अर्धा स्वर."

"सकाळीच लावलाय. माझ्यासमोर."

पियानो लावणारा क्लॅरी ओपी मागे खुर्च्या मांडत होता. शाळेत तो मर्लच्याच बाकावर बसायचा. तिने त्याला बोलावलं. "हिला सांग रे."

क्लॅरीने टोपी काढली आणि उगाच आतून निरखली. "ती खरं बोलतेय गं."

"म्हणजे?"

"सहा वर्षं झाली. दर खेपेला तू म्हणायचीस, चढलाय, उतरव. मी केसभर उतरवायचो. नादकाटा नाही म्हणायचा, पण तुझ्या कानापुढे काट्याचं काय घेऊन बसायचं? काटाच बिघडला असेल म्हणून नवा आणला." तो थांबला. "तोही तेच म्हणाला."

"आणि तू गप्प बसलास."

"गाव खूश होतं. गाणाऱ्या पेंगिलीबाई उतरलेल्या पियानोवर सत्तराव्या वर्षी वरचा स्वर घ्यायला लागल्या. म्हणतात, सकाळी कच्चं अंडं पिते त्याचा गुण."

मर्लने पर्स उघडली. चॅपलची गायक मंडळी सांभाळणाऱ्या वडिलांचा काटा तळाशी पडून होता. तो बिघडला असं तिनेच मागे ठरवलं होतं. गुडघ्यावर आपटून तिने तो कानामागच्या हाडाला लावला. पांढरी सहा ऐकू यायला हवी होती. आली काळी पाच, अर्धा स्वर वर. पुन्हा आपटला. काळी पाच.

पोलाद चढत नसतं.

ऑर्गन चढलाय म्हणून तिने ऑर्गनवाल्याशी भांडून चॅपल सोडलं होतं. आजकाल सगळे चढवूनच वाजवतात, असं रेडिओवाल्यांना खरमरीत पत्र धाडलं होतं. सगळं जग चढलं, आणि सहा वर्षांत तिला स्वतःच्या कानाचा एकदाही संशय आला नव्हता.

"बाई, रद्द करू या," ग्वेंडा म्हणाली. "माझा ओठ सुजलाय म्हणून सांगते."

मर्लने ऐकलंच नाही. तिने विचारलं, "क्लॅरी, सातपर्यंत चढवशील?"

"तारा तुटतील. आणि टिकायचाही नाही."

ती पट्ट्यांकडे बघत राहिली. घसा बसलेल्या गायकांसाठी तिने जन्मभर बसल्या बैठकीला सूर उतरवून वाजवलं होतं. "सुरू कर," ती ग्वेंडाला म्हणाली आणि लिहिलेला प्रत्येक स्वर अर्ध्या स्वराने वर धरून वाजवू लागली. वाद्यं जुळली. ग्वेंडाचे डोळे भरले, पण तिने फुंक सोडली नाही.

संध्याकाळी सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. कोणाला काही कळलं नाही. चाळीस वर्षं पाठ असलेली ती संथ धून मर्लला मात्र परक्या सुरात ऐकू आली, शेवटापर्यंत. टाळ्यांना तिने मान लववली, पण समोर कोण कोण बसलंय ते तिला दिसत नव्हतं.

क्लॅरी चहा आणि केशराचा बन घेऊन आला. तिने वडिलांचा काटा त्याच्या हातात ठेवला.

"उद्यापासून ह्याने चढव. तारा सांभाळून, हळूहळू."

"ऐकायला येशील ना?"

"नाही. आणि मला विचारूही नकोस."

क्लॅरीने काटा खिशात घातला. "वरचा स्वर लागेनासा झाला की पेंगिलीबाईंना काय सांगू?"

मर्लने बनचा तुकडा मोडला, तो तसाच हातात धरून बसली.

"सांग, वय झालं."